मोठा भाऊ, वय एकोणीस

“बाई, यादीत तुमच्या घरचीच भानगड निघालीय,” साहेब हसत म्हणाले आणि त्यांनी स्क्रीन बाईंकडे वळवली.

बाई नोंदणी कार्यालयात नात्यांच्या व्याख्या लिहायच्या. आई मुलाच्या आधी जन्मलेली हवी, कुणी स्वतःचाच भाऊ असू शकत नाही, असले नियम. ऐकणाऱ्याला हसू येई. पण हे नियम नव्हते तेव्हा कॉम्प्युटरने एका सभ्य गृहस्थांना स्वतःचाच मामा ठरवलं होतं आणि सगळ्या कार्यालयाला मामा बनवलं होतं. तेव्हापासून बाईंच्या कामाला कुणी नावं ठेवत नसे.

यंदा पहिल्यांदाच वारलेल्या माणसांच्या नोंदी कॉम्प्युटरच्या तपासणीत घेतल्या आणि चारशे बारा विसंगती निघाल्या. त्यातली एक बाईंची. मोठा भाऊ, वय एकोणीस. धाकटी बहीण, वय सत्तावन्न.

बाईंनी ती ओळ पुन्हा वाचली. ‘मोठा भाऊ म्हणजे ज्याचं वय जास्त’ हे बारा वर्षांपूर्वी त्यांनीच लिहिलं होतं. गेलेल्या माणसाचं वय तिथंच थांबतं, हे त्यांना सुचलंच नव्हतं. दादा आठ दिवसांच्या तापात गेला तेव्हा त्या सोळा वर्षांच्या होत्या. निदान त्यांना तरी सुचायला हवं होतं.

“सोपं आहे,” साहेब म्हणाले. “या सगळ्यांना ‘धाकटा’ करून टाकू. एका बटणाचं काम. पाचच्या आत यादी वर पाठवायचीय.”

“धाकटा? दादाला?” तीस वर्षांच्या नोकरीत बाईंचा आवाज कधी चढला नव्हता. “साहेब, मला घड्याळ बघायला त्यानं शिकवलं. शाळेत माझ्या वाटेला जायची कुणाची टाप नव्हती, ती त्याच्यामुळे. त्याला धाकटा करायचं असेल तर आधी मला घरी पाठवा.”

“अहो, चिडताय काय? मग करायचं काय, ते तरी सांगा.”

“चूक माझी आहे. मीच निस्तरते.”

त्यांनी ‘वय जास्त’ खोडून ‘जन्म आधी’ लिहिलं. मोठी बहीण, थोरले काका, सगळीकडे तेच केलं आणि तपासणी पुन्हा लावली. साडेचारला उत्तर आलं, विसंगती शून्य.

“सुटलो बुवा!” साहेब म्हणाले. “झाला ना तुमचा दादा पुन्हा मोठा?”

बाईंनी मान हलवली, पण नजर त्या एकोणीसवरून हलेना. त्यांच्या मुलाला आता सव्विसावं लागलं होतं, आणि त्याला जरा कणकण आली तरी अजून त्यांचा जीव टांगणीला लागे.

“बाई, काय झालं?”

“एवढंसं पोर होतं हो ते,” बाई म्हणाल्या, आणि त्यांना रडू आवरेना.