रायफलीच्या तोंडचं वजन

कौसल्या पुसद डेपोची कंडक्टर. चाळिशीला टेकलेली, अंगानं किरकोळ आणि हौसेनं दांडगी. सुट्टीच्या दिवशी ती सुभेदार विठ्ठलरावांच्या क्लबात हवेवर चालणाऱ्या रायफलीनं नेमबाजी करायची. "आता बिनतिकिटवाल्याची खैर नाही," असं डेपोत तिला चिडवायचे.

क्लबात स्पर्धेची म्हणावी अशी रायफल एकच. यवतमाळच्या चाचणीतून कौसल्या राज्य स्पर्धेसाठी निवडली गेली तर रायफल तिच्याकडे राहील, नाही तर कॉलेजातल्या अंकुरकडे जाईल, असं विठ्ठलरावांनी सांगून टाकलं होतं. आणि एकदा तरण्या पोराच्या हाती गेलेली वस्तू चाळिशीच्या बाईकडे परत येते होय?

मोबाइलवर मोठमोठे नेमबाज पाहून तिनं हट्ट धरला होता. रायफलीच्या तोंडाला तशीच लांब नळी हवी आणि त्या नळीवर वजनाच्या पोलादी कड्या. विठ्ठलरावांनाही ते पटलं. "तोंडाले वजन असलं का रायफल हालत नाही, कौसल्या. खुट्यावानी उभी राह्यते."

राहायची खरी, पण विठ्ठलरावांच्या हातात. कौसल्याचा खांदा थोड्याच वेळात बोलायला लागायचा. ती मात्र बोलत नव्हती, कारण हट्ट तिचाच होता. हौसेनं मागून घेतलेलं लुगडं आपल्याला शोभत नाही, हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

चाचणीच्या दिवशी गुण मोजायला लागण्याआधी सरावाला थोडा वेळ होता. त्या वेळात तिचे छर्रे एकामागून एक निशाणाच्या काळ्या ठिपक्याच्या खाली जाऊ लागले. हात थरथरू नये म्हणून ती रायफल आवळायची, आणि आवळली की रायफलीचं तोंड आणखीच झुकायचं. कौसल्या पार रडकुंडीला आली.

मग तिला स्वतःचाच राग आला. अर्धं आयुष्य हलत्या गाडीत उभं राहण्यात गेलेलं. गाडीशी भांडायचं नसतं, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? खड्डा आला की गुडघे सैल सोडायचे, अंग डुलू द्यायचं आणि गाडी सावरली की तेवढ्यात तिकीट हातावर ठेवायचं. नवे कंडक्टर दांडा घट्ट धरतात आणि तेच आधी आपटतात. इतके दिवस आपण रायफलीशी नव्या कंडक्टरासारखं वागलो!

तिनं रायफल खाली ठेवली, पाना घेतला आणि कड्या उतरवल्या. लांब नळीही काढून पेटीतली जुनी आखूड नळी बसवली. बघ्यांसाठी बांधलेल्या दोरीमागे उभे असलेले विठ्ठलराव ओरडले, "काहून काढून राह्यली? नेम बिघडन ना!"

"बिघडू द्या, सर. लावता येते मले," ती मागे न पाहताच म्हणाली.

पहिला छर्रा पार वर गेला. तिनं नेम वर-खाली करायची रायफलीवरची चकती फिरवली. दुसरा जरा खाली उतरला. पुन्हा चकती, पुन्हा छर्रा. सरावाची वेळ संपत आली तेव्हा एक छर्रा नेमका ठिपक्याच्या पोटात जाऊन बसला.

मग खरा सामना सुरू झाला. रायफलीचं तोंड डुलत होतं, तिनं ते डुलू दिलं. सावरलं की घोडा दाबायचा, नाही सावरलं तर रायफल खाली घेऊन पुन्हा उचलायची. बाजूचे घाई करत होते, तिला कसली घाई नव्हती. कितीतरी दिवसांनी तिला नेम धरताना मजा येत होती.

निवडलेल्यांची नावं पुकारली गेली आणि त्यांत कौसल्याचं नाव आलं. ती एवढ्यानं ओरडली की पुकारणाराच थांबला.

विठ्ठलराव दोरी ओलांडून आले. "म्या इतका ओरडलो, एकदा तरी मांगं पाह्याचं होतं."

"पाह्यलं असतं ना सर, तर रायफल अंकुरची झाली असती."

विठ्ठलराव हसले नाहीत. टाचा जुळवून ते ताठ उभे राहिले आणि भर हॉलात त्यांनी एसटीच्या कंडक्टरला कडक सलाम ठोकला. मग रायफलीची पेटी उचलून तिच्या हातात दिली.

"घेऊन जाय. तुयीच हाय आता."