पहिल्या प्रतीची सही

"सर, ही फर्स्ट ग्रेड आहे ना? मग हे काळं काळं काय?" अंजलीनं विचारलं. पुण्याहून बंगळूरला येऊन वर्ष झालेलं, हेब्बाळला तेराव्या मजल्यावर नवा फ्लॅट, अर्ध्या हॉलमध्ये लाकडी फरशी बसलेली.

तक्रार बघायला आलेला नरसिंह गुडघ्यांवर बसला. राजाजीनगरच्या वखारीत सव्वीस वर्षं तो ओकच्या फळ्यांची प्रतवारी करत होता. गाठ नाही, रंग एकसारखा, ती पहिली. बारीक गाठी, ती दुसरी. मोठ्या गाठी, भेगांत काळा भराव, कडेला कच्चं पांढरं लाकूड, ती तिसरी. पहिलीच्या पाठीवर तो निळ्या पेन्सिलीनं सही करायचा. त्या सहीवर गिऱ्हाईक डोळे मिटून माल उचलायचं.

समोरची फळी सरळसरळ तिसरी होती. न बसवलेली एक त्यानं उलटली. त्याची सही. आणखी एक. सही. दहा फळ्या, दहा सह्या, केसाचाही फरक नाही. माणसाच्या हाताला हे जमत नाही. रबरी शिक्का होता.

 त्यानं वखारीच्या मालकाला फोन लावला.

"अण्णा, माझ्या सहीचा शिक्का कुणी केला?"

"स्वल्प हळू बोल की रे," हयवदन म्हणाला. "सहा वर्षं झाली त्याला."

"सहा?"

"तूच सांगतोस ना, प्रत म्हणजे नुसतं दिसणं, मजबुती तीच? मग? सही दिसल्यावर फळी उलटून कोण बघतंय? काम उरकून ये जेवायला."

सहा वर्षं त्याच्या नावानं लोकांना फसवलं होतं. आणि तो दर दसऱ्याला त्याच मालकाच्या पाया पडत होता.

"मॅडम, ही तिसरी प्रत आहे. सही माझी नाही."

"इट्स ओके हो," अंजली हसली. "रविवारी वास्तुशांत आहे. आणि छानच दिसतंय, रस्टिक."

त्याला हे जास्त लागलं.

"छान दिसतंय तर तिसरी म्हणून घ्या. पहिली म्हणून नको."

तिच्या बिलावर त्यानं 'तिसरी प्रत' असं लिहिलं आणि खाली सही केली. तिचं हसू मावळलं.

"तुमच्या नोकरीचं काय?"

"गेली."

खाली ऑटोवाल्यानं विचारलं, "एल्लिगे, सर?"

"बसवनगुडी. घरी."

सकाळचे अकरा वाजले होते. या वेळी बायको घरात असते की दाराला कुलूप असतं, हे सव्वीस वर्षांत त्याला कधी कळलंच नव्हतं.