फटफटीचा चुकलेला ठोका

मित्रांनो, मी एक जुनी तार आहे. विजेची नव्हे आणि वाद्याचीही नव्हे. सायकलच्या मागच्या चाकात, मध्यापासून कडेच्या रिमपर्यंत ताणून बसवलेल्या ज्या बारीक तारा तुम्हाला दिसतात, त्यांतली मी एक. काही जण मला स्पोक म्हणतात. तुम्ही काहीही म्हणा, फक्त जरा हळू म्हणा. मी लवकर दचकते.

घाबरट म्हणून मला नावे ठेवू नका. ताण घेणे हा आमचा धंदाच आहे. कारखान्यात एका मोठ्या वेटोळ्यातून मला कापले, एका टोकाला मान वाकवली, दुसऱ्या टोकाला आटे पाडले आणि चाकात बसवताना चावीने पिळून पिळून असे ताणले की तेव्हापासून मी सैल श्वास घेतलेला नाही. तार सैल पडली की चाक वेडेवाकडे फिरते. म्हणजे आमच्या घराण्यात जी निवांत बसते तीच नालायक ठरते. अशा घरात वाढल्यावर काळजी करण्याची सवय लागणार नाही तर काय होणार?

माझी शेजारीण मला मधेच ओलांडून जायची. जिथे ओलांडायची तिथे आम्ही एकमेकींना टेकलेल्या असायचो. त्यामुळे तिचे दुखणेखुपणे सगळ्यांच्या आधी मला कळायचे.

आमचा पहिला मालक एक तरुण होता. सुट्टीच्या दिवशी तो सायकल उलटी करून ठेवायचा, चाक पुसायचा आणि एकेका तारेला नखाने छेडायचा. टिंग, टिंग. एखादी बद्द वाजली की चावीने तिचा कान पिळायचा. त्याची धाकटी बहीण शेजारी उकिडवी बसून हे सगळे बघायची. लोक म्हणत, "चाक फिरतंय की भोवरा?" हे ऐकून आम्ही फुगायचो. पुढे तो नोकरीसाठी दूर गेला आणि जाताना सायकल बहिणीला देऊन गेला.

बहीण तोवर एका मुलीची आई झाली होती. लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलाशी ती दिवसभर उभी असायची आणि घरी तिच्यामागे सतराशे साठ कामे असायची. सायकलीवर तिची माया होती, पण मायेने गंज निघत नाही. आम्ही पावसात भिजायचो, तशाच वाळायचो. पाय अडकू नये म्हणून चाकाला दोन्ही बाजूंनी जाळ्या होत्या, त्यांतली एक गंजून गळून पडली. "या सुट्टीला नक्की बसवते," असे ती दर सुट्टीला म्हणायची.

आणि त्याच उघड्या बाजूला तिच्या लेकीचा पाय लोंबायचा.

लेकीला घरात ठकी म्हणत. रोज सकाळी आई तिला मागच्या कॅरिअरवर बसवून शाळेत सोडायची आणि तशीच पुढे कामावर जायची. "पाय लांब धर," हे आईचे पहिले वाक्य. "धरलाय," हे ठकीचे. मग वाटभर ठकीची टकळी चालू आणि तिचा पाय हळूहळू आत. तिच्या बुटाची नाडी बहुतेक वेळा सुटलेली. मी तो बूट बघत बघत गरगर फिरायचे. तुम्हीच सांगा, माझे कशात लक्ष लागणार?

एक दिवस ठकीने नवीनच खूळ काढले. लाँड्रीतला कपड्यांचा चिमटा आणि पत्त्यांच्या एका अर्धवट जोडातला इस्पिकचा गुलाम घेऊन तिने तो पत्ता मागच्या दांडीला असा अडकवला की चाक फिरताना तो प्रत्येक तारेवर आपटावा. फट फट फट फट. "आपली सायकल आता फटफटी झाली," असे तिने सगळ्या गल्लीला सांगितले. झाली तिची हौस, पण थोबाडीत खायच्या आम्ही. इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर पत्त्यांतल्या एका गुलामाने येता-जाता आमच्या कानाखाली वाजवावी, याचा मला फार राग यायचा.

त्याच सुमारास शेजारणीची मान दुखू लागली. वाकवलेल्या जागी गंज खोलवर गेला होता. प्रत्येक फेरीत ती कण्हायची आणि मला ते कळायचे. पूर्वीच्या मालकाने नख लावले असते तर त्यालाही लगेच कळले असते. आता आम्हाला छेडणार कोण?

त्या सकाळी उशीर झाला होता. आई भरभर पेडल मारत होती. पुलाजवळच्या खड्ड्यात मागचे चाक दणकन आपटले आणि टण्ण असा आवाज होऊन शेजारीण मानेत तुटली.

माझ्या काळजाचा ठोका चुकला. तिचा सगळा भार माझ्यावर आणि पलीकडच्या तारांवर आला. तिचे एक टोक रिममध्ये अडकलेले होते आणि तुटलेले, टोकदार टोक मोकळे होते. प्रत्येक फेरीला ते बाहेर झेपावायचे आणि माझ्यावर आपटून मागे यायचे. बाहेर होता ठकीचा मोजा. आपटण्याचा आवाज होत होता, पण फटफटीच्या गोंगाटात तो ऐकणार कोण? मी त्या गुलामाला मनातल्या मनात लाखोली वाहिली. पुढे शाळेचा लांब उतार होता. तिथे वेग वाढला की मी तिला अडवू शकणार नव्हते. नाडी त्यात अडकली असती, मग पाय. मला पुढचा विचारही करवेना.

"आई," ठकी म्हणाली, "फटफटी मधेच गप्प होते."

"बोलू नकोस गं. पाय लांब धर."

"अगं ऐक ना. फट फट फट, आणि मग एक खाऊन टाकते."

"भूक लागली असेल तिला. तुझ्यासारखीच उपाशी निघाली वाटतं."

मित्रांनो, ठकीचे बरोबर होते. ताणलेल्या तारेवर पत्ता आपटला की फट वाजते. सैल तार नुसतीच बाजूला सरते, वाजत नाही. प्रत्येक फेरीत माझ्या शेजारणीची जागा मुकी जात होती आणि सबंध रस्त्यावर ते फक्त एका लहान मुलीला कळले होते.

पण आईला ते कळत नव्हते. उतार समोर दिसू लागला.

"थांब, मीच नीट करते," ठकी म्हणाली. "पत्ता वाकडा झालाय. पायानं सरळ करते."

आईने दोन्ही ब्रेक करकचून दाबले. सायकल उताराच्या तोंडाशी उभी राहिली.

"पाय घालायचा नाही म्हणून किती वेळा सांगितलं तुला?" असे म्हणत ती वळली आणि तिची नजर चाकाकडे गेली. ते टोक ठकीच्या मोज्याला टेकले होते. मोज्याचा एक धागा त्यात अडकून ओढला गेला होता.

आईने तो धागा सोडवला. ठकीला उचलून खाली ठेवले, तिचा मोजा उतरवून पाय हातात घेतला आणि उलटसुलट करून पाहिला. पायावर ओरखडाही नव्हता. तरी तिने तो बराच वेळ सोडला नाही.

"गुदगुल्या होतात, आई."

"होऊ देत."

मग तिने भावाने कधीकाळी दाखवले होते तसे केले. तुटलेली तार लोंबती ठेवली नाही, वाकवून शेजारच्या तारेला, म्हणजे मला, वेढे देऊन गुंडाळली. शेजारीण माझ्या अंगाला बिलगून गप्प झाली. पुढची वाट आई सायकल हातात धरून चालली, ठकी पलीकडच्या बाजूने. कामावर बोलणी बसणार होती, पण तिने त्या दिवशी घाई केली नाही.

संध्याकाळी सायकल दुरुस्तीच्या दुकानात नवी तार बसली, चाकातला वाकडेपणा काढला गेला आणि गळून पडलेल्या जाळीच्या जागी नवी जाळीही लागली. दुकानदार माझ्यावर बोट ठेवून म्हणाला, "ताई, हिच्याही मानेला गंज चढलाय. एवढ्यात काही होणार नाही, पण लक्ष असू द्या."

झाले, माझी झोप उडाली ती उडालीच.

पण आता घरातली रीत बदलली आहे. सकाळी निघण्याआधी आई सायकल स्टँडवर लावते, हाताने मागचे चाक फिरवते आणि विचारते, "ठकी, काय म्हणते फटफटी?" ठकी कान देऊन ऐकते. आईही तेवढा वेळ मुकाट उभी राहते, उशीर झालेला असला तरी. "सगळं म्हणते," असे ठकीने सांगितल्याशिवाय कोणी सायकलवर बसत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात सायकल असेल तर कधीतरी तिच्या तारांना नख लावून बघा. एखादी बद्द वाजली तर मोठ्यांना सांगा. ते घाईत असतील, चेष्टाही करतील. तरी पुन्हा सांगा.

माझे म्हणाल, तर मी आता गुलामावर रागावत नाही. चाक फिरू लागले की जीव मुठीत धरून त्याच्या थपडेची वाट बघते. ती कानाखाली बसली की समजते, मी अजून धरून आहे आणि ठकी आता कॅरिअरवर बसली तरी चालेल.