ज्याची त्याची पात

वाळूजच्या कंपनीत शंभर माणसं हाकणाऱ्या आबेदाला दोन एकर भाताचं काय मोठं वाटणार? पाचोडकडं भात कोण लावतं म्हणा! पण कालव्याच्या झिरप्यानं रान चिबडलं, कपाशी सडली, तूरही सडली, अन् तिचे मोहियोद्दीन अब्बा रान विकायला निघाले. आबेदानं हट्टानं एक साल मागून घेतलं होतं.

आज लावणी. रोपं महिन्याची होत आलेली, अन् उद्यापासून बाया दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जाणार. आज उरकलं तरच भात, नाहीतर रान गेलंच.

म्हणून आबेदा बाईसाहेबांनी बांधावर फळा मांडला. प्रत्येकीचं नाव, प्रत्येकीला एक पात, म्हणजे रानाचा एकेक पट्टा. दुसरीच्या पातीला हात लावायचा नाही, जी मागं राहील तिच्या नावापुढं तांबडी खूण!

दुपार झाली तरी पाव रान लागलं नव्हतं. नऊ बाया एका ओळीत, कुणी वीतभर पुढं नाही. एरवी वाऱ्यासारखी खुरपणारी चतुराबाईसुद्धा एकेक रोप निवांत लावत होती. आबेदाचं डोकं फिरलं.

"चतुरामावशी, हात का आखडता?"

"मग काय करू? दगडाबाईचे गुडघे धरलेत. आम्ही म्होरं गेलो की म्हातारीच्या नावाला तांबडं. रोज तिची पात आम्हीच ओढून घेतो, तू म्हणती हात लावायचा नाय. तवा थांबतो."

आबेदाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कंपनीत एखादं मशीन अडलं की ती तिथं दोन माणसं जास्तीची लावायची. इथं काय अवदसा आठवली होती? तिनं ओढणीनं फळा पुसला.

"दगडामावशी, तुम्ही बांधावर बसून रोपांच्या जुड्या द्या. कुणाला कधी लागतील ते तुम्हालाच कळंल."

म्हातारीची पात तिनं स्वतः धरली.

"अगं, रोप लावतीस का खुंटा ठोकतीस?" चतुराबाई खिदळली, अन् न सांगता आबेदाची अर्धी पात ओढून घेतली. मग काय, हातांना उसंतच राहिली नाही.

दिवस मावळायच्या आत शेवटचा कोपरा लागला. अब्बा आले, बांधाबांधानं साऱ्या रानाला चक्कर मारली.

"गिऱ्हाइकाला नको म्हणून सांगतो," ते म्हणाले.

आबेदाला हुंदका आवरेना.

"कंपनीत बी अशीच रडती का गं?" दगडाबाईनं विचारलं.

"नाय मावशी. तिथं माझी पात कुणी ओढत नाय."

"मग तू ओढ की कुणाची तरी आधी."