करवतीवरचा डोळा

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. लाकडाच्या वखारीत, उभ्या माणसाला फाडेल अशा करवतीच्या डोक्यावर माझा मुक्काम. पात्याजवळ हात दिसला की लाल दिवा लावून करवत थांबवायची, एवढेच माझे काम.

तुम्हाला हात पाहताक्षणी हात वाटतो. मला दिसतात नुसते रंगाचे ठिपके. त्यांतून हात ओळखायचा तर आधी कुणीतरी ढीगभर चित्रे दाखवून 'हा हात, हा नव्हे' असे शिकवावे लागते. इंजिनिअरबाईंनी मला शिकवले आणि सुरुवातीला माझे फार कौतुक झाले.

पण घाम पुसताना कामगार हातमोजे काढून पात्याशेजारीच टाकत. मला ते हात वाटत आणि मी करवत बंद पाडी. मुकादम पिसाळला. "या आंधळ्याला अक्कल शिकवा, नाहीतर फोडून टाकतो!" मग बाईंनी मला पडलेले मोजे दाखवून शिकवले, मोजा म्हणजे हात नव्हे. मी निमूटपणे शिकलो.

एकदा ओंडका अडकला. करवत चालवणाऱ्या काकांनी मोजा घातलेला हात पुढे केला. मला दिसला मोजा. मी गप्प राहिलो. पात्याने मोज्यासकट तीन बोटे उडवली. काकांची किंकाळी करवतीच्या आवाजाच्या वर चढली आणि रक्ताची चिळकांडी थेट माझ्या काचेवर आली.

काकांचा धाकटा भाऊ तिथेच कामाला. त्याने मुकादमाची गचांडी धरून त्याला ओंडक्यांवर आपटले, नाक फोडले. मग हातोडा घेऊन तो माझ्याकडे वळला. "डोळा असून आंधळा मेला!" माझी काच फुटली, अंग चेपले. चौघांनी त्याला आवरले म्हणून मी वाचलो.

पुढे मला नवी काच बसली. बाईंनी मोजे घातलेल्या हातांची चित्रे दाखवली आणि स्वतःचा मोजा घातलेला हात पुढे धरला. लाल दिवा लागला, करवत थांबली, टाळ्या पडल्या. बाईंनी हात मागे घेताच हिरवा दिवा लागला आणि पाते पुन्हा फिरू लागले. तेवढ्यात जखम भरलेले काका आले. त्यांनी दोन बोटे उरलेला हात पात्यासमोर धरला.

दिवा हिरवाच राहिला. पाते गरगरत होते.

"दादा, मागे घे!" भाऊ किंचाळला. बाईंनी धावत जाऊन बटण दाबले.

"बाई, आता याच हातानं पोट भरायचंय," काका म्हणाले. "यालाही हात म्हणायला शिकवा त्याला."

मित्रांनो, मला शिकवायला याल तेव्हा फक्त धडधाकट हात आणू नका. चिरलेले, पट्टी बांधलेले, बोटे गेलेले हातही आणा. जे मला कुणी दाखवले नाही, त्याच्यासाठी पाते थांबत नाही.