वाक्य संपलं की

काकू टेबलावर आडव्या झाल्या आणि मिनिटभरात उठून बसल्या. "पाठ टेकली की छातीवर कोणी बसल्यासारखं होतं गं," एवढं म्हणायला त्यांना दोनदा थांबावं लागलं.

एमआरआयच्या खोलीत बारा वर्षं काढलेल्या तंत्रज्ञ बाईला याचं नवल नव्हतं. तिने पाठीखाली उतरती उशी सरकवली, भिंतीवरच्या ऑक्सिजनची लांब नळी काकूंच्या नाकाला लावली. "आता बघा, उठला का तो?"

"उठला. पण दारातच घुटमळतोय."

पस्तीस वर्षं काकूंनी कोळशाच्या बॉयलरवर लॉन्ड्री चालवली होती. धुराने फुफ्फुसं जुन्या फुग्यासारखी सैल झाली होती. खराब भाग कापून काढला तर श्वास बराच मोकळा होणार होता. पण अशा फुफ्फुसांत रक्त ढकलून ढकलून हृदयाची उजवी बाजू थकली असेल, तर सर्जन हात लावायला तयार नव्हता. सोनोग्राफीत फुगलेली फुफ्फुसं आड आली आणि ती बाजू नीट दिसलीच नाही. म्हणून इथे पाठवणी.

अडचण एवढीच, की प्रत्येक चित्राला श्वास रोखावा लागतो, नाहीतर सगळं पुसट येतं. माइकवरून "रोखा" म्हटलं की काकू धसकत आणि दोन सेकंदांत धापा टाकायला लागत. तीन चित्रं वाया गेली.

रेडिओलॉजीचे डॉक्टर मागून डोकावले. "हे दगडावर डोकं आपटणं झालं. बाहेर पाच जण खोळंबलेत. रद्द करा."

"चाळीस मिनिटं द्या सर. मिळतील चित्रं."

"कशावरून?"

"त्या बोलतात ना, त्यावरून."

डॉक्टरांनी घड्याळ बघितलं, खांदे उडवले आणि गेले.

तिने मघापासून एक गोष्ट हेरली होती. काकू बोलताना अडखळत, पण मनातलं बोलून झालं की ओठ मिटून जरा निवांत होत. पाच सेकंद तरी. मगच पुढचा श्वास. तिने यंत्राला प्रत्येक चित्रासाठी पाचच सेकंद ठरवून दिले. चित्र जाडंभरडं येणार होतं, मोजमापापुरतं मात्र पुरेसं.

"काकू, श्वासाचं विसरा. लॉन्ड्रीचं काहीतरी सांगा. एकच वाक्य. संपलं की गप्प."

"गप्प?" काचेअलीकडे, तंत्रज्ञ बाईच्या शेजारी बसलेले काका पुटपुटले. "चाळीस वर्षांत जमलं नाही मला ते."

"एका नवरदेवाचा कोट मी जाळला होता," काकूंचा आवाज आला आणि थांबला. तिने बटण दाबलं. यंत्र खडखडलं. पडद्यावर हृदयाचा काप उमटला, कडा स्वच्छ.

"छान. पुढे?"

"त्याला सांगितलं, हल्ली असंच घालतात." बटण. दुसरा काप.

कोट झाला, बॉयलर झाला, उधारी बुडवणाऱ्या गिऱ्हाइकांची नक्कल झाली. दहाव्या कापाला काकू म्हणाल्या, "ऑपरेशनला मी भीत नाही, यांचं कसं होईल याला भिते."

तिने बटण दाबलं. काका खाली बघत होते. काप संपल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "मला बोलता येईल का यातून?" तिने माइक त्यांच्याकडे वळवला.

"मला भात येतो," काका म्हणाले. "शिकलोय, तुझ्या नकळत."

पुढच्या वाक्यामागोमाग काकूंना हसू फुटलं, तो काप वाया गेला. तिने तो आनंदाने परत घेतला.

बारा काप पस्तीस मिनिटांत झाले. दुपारी डॉक्टरांनी मोजणी केली आणि दोघांना पडदा दाखवला. "उजवा कप्पा ताणलाय, भिंत जाड झालीय. पण दर ठोक्याला शंभरातले अठ्ठेचाळीस भाग रक्त बाहेर टाकतोय. तब्येतीत असलेल्याचे पन्नासच्या वर असतात. दमलाय, हरलेला नाही. सर्जनला मी आजच कळवतो." मग तंत्रज्ञ बाईकडे वळून म्हणाले, "ही पद्धत लिहून काढा. बाकीच्यांनाही शिकवा."

"लिहायला घेतलीय सर," ती म्हणाली.

शस्त्रक्रिया झाली. तीन महिन्यांनी काकू तपासणीला आल्या त्या लिफ्ट सोडून, दोन मजले चढून. मध्ये एकदाच थांबल्या होत्या; तेही, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, काका मागे राहिले म्हणून.