शिट्टी वाजेपर्यंत

"शिट्टी वाजेपर्यंत कुणीही डोकं वर काढायचं नाही. जो आधी वर आला तो हरला. कळलं?"

"हो ताई!" उथळ टोकाला दांडी धरून उभी असलेली पोरं एका सुरात ओरडली.

"आणि तोंड मिटायचं. तलाव पिऊन संपवलात तर पुढच्या बॅचला मी काय देऊ?"

पोरं खिदळली. ताईने शिट्टी ओठांत धरून हात खाली केला, तशा रंगीबेरंगी टोप्या एकदम पाण्याखाली गेल्या.

मग काहीच झालं नाही. निदान तिच्यापुरतं तरी.

"ताई, वाजवा ना! कधीपासून थांबलोय!" कुणीतरी ओरडत होतं. ताईने डोळ्यांची उघडझाप केली. पोरं पाण्याबाहेर येऊन एकमेकांवर पाणी उडवत होती. शिट्टी ओठांतच होती, न वाजलेली. आणि दांडीच्या टोकाशी एक पिवळी टोपी अजून पाण्याखालीच होती.

अंगातल्या कपड्यांनिशी ताईने उडी मारली. पोरीला बगलेत हात घालून वर उचललं, तर तिच्या मुठी दांडीला अशा घट्ट चिकटलेल्या की बोटं एकेक करून सोडवावी लागली. पोर खोकली, ओकली. ओठ जांभळे पडले होते. मग नाक पुसत, ठसक्यांच्या मधून तिने विचारलं, "मी जिंकले ना?"

ही बेडकी. हे नाव पोरांनी ठेवलेलं, आणि तिलाही ते आवडायचं. वर्गात सगळ्यांत किरकोळ अंगाची आणि सगळ्यांत आज्ञाधारक. बाकीची पोरं जीव घाबरा झाला की वर यायची आणि वर "मी आलोच नव्हतो" म्हणून भांडायची. बेडकीला लबाडी जमत नव्हती.

"जिंकलीस," ताई म्हणाली.

कुणाच्या काही लक्षात आलं नव्हतं. जीवरक्षक खोल टोकाला दंगेखोर कॉलेजकुमारांना दम देत होता. बाकांवरच्या आया फोनमध्ये मान घालून बसल्या होत्या. बेडकीचे आजोबा टॉवेल घेऊन आले, ते हसतच.

"दमवलं वाटतं आज? घरी एक शब्द ऐकत नाही हो ही. दूध पी म्हटलं तरी वाद घालते. तुमचा शब्द मात्र ब्रह्मवाक्य. ताईंनी सांगितलं म्हणजे संपलं."

ताई हसली. हसू कसं होतं, हे तिला आरशात पाहायचं नव्हतं.

कपडे बदलायच्या खोलीत दार लावून तिने आईला फोन केला.

"आई, आज परत झालं. पाण्यात पोरं असताना."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली, मग आईचा आवाज आला. "कुणाला कळलं?"

"आई, पोर मेली असती."

"मेली नाही ना? मग. अगं, तंद्री लागते तुला. तुझे बाबासुद्धा जेवताना भिंतीकडे बघत बसायचे. त्यांना कुणी दिल्या गोळ्या?" आई जरा थांबली. "हे बघ, आज-उद्या कायम करणारेत तुला. एकदा ते होऊ दे, मग सांग काय सांगायचं ते."

आईचं चुकलं म्हणायची सोय नव्हती, कारण ताईही महिनाभर स्वतःला हेच सांगत आली होती. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, "ही तंद्री नाही, फिटच आहे. अंग झटकत नाही म्हणून कुणाला दिसत नाही, एवढंच. गोळ्या लागू पडेपर्यंत पाण्यापासून लांब राहायचं." त्यावर तिने विचारलं होतं, "पाण्यात नाही शिरायचं, पण काठावर उभं राहिलं तर चालेल ना?" डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं होतं. ती नजर ताईने सोयीस्करपणे खिशात घातली होती. शाळेत असल्यापासून ती पोहत होती. इथे सगळे तिला मासोळी म्हणत. मासोळीने पाण्यापासून लांब राहायचं म्हणजे कुठे राहायचं?

ओले केस तसेच बांधून ती तलावाचा कारभार बघणाऱ्या मोठ्या सरांच्या खोलीत गेली.

"ये मासोळी, तुलाच बोलावणार होतो. पेढे आण उद्या. समितीने होकार दिला. पुढल्या महिन्यापासून तू कायम, आणि लहान मुलांचा अख्खा विभाग तुझ्याकडे."

"सर, मला पाण्यावर ठेवू नका."

सर हसले. मग तिचा चेहरा पाहून थांबले. तिने सगळं सांगितलं. फिट, डॉक्टर, महिनाभराची लपवाछपवी, पिवळी टोपी.

सरांनी उठून आधी दार लावलं.

"कुणी पाहिलं?"

"कुणी नाही."

"मग मला तरी कशाला सांगितलंस?" सर एकदम भडकले. "आता मला माहीत आहे. आता मी काय करू? महिनाभर गप्प होतीस, आणखी चार दिवस राहिली असतीस तर तुझी नोकरी पक्की झाली असती, मग कुठेही बसवली असती तुला!"

"चार दिवस पोरं पाण्यात उतरणारच होती, सर."

सर खुर्चीत बसले. त्यांनी पेन टेबलावर आपटलं.

"त्या पोरीच्या घरी सांगावं लागेल."

"मी सांगते. आजोबा अजून बाहेर असतील."

"चिडतील."

"चिडू देत."

आजोबा चिडले नाहीत. तेच अवघड गेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, नातीचा हात घट्ट धरला आणि निघून गेले.

कायम होण्याचं बारगळलं. सरांनी तिला तिकीटखिडकीवर बसवलं, रोजंदारीवर. "बरी हो, मग बघू," एवढंच म्हणाले. मासोळी काचेच्या पेटीत गेली, असं जीवरक्षक म्हणाला आणि आपल्याच विनोदावर ओशाळला.

आठवडाभराने खिडकीच्या भोकातून पिवळी टोपी दिसली. मागे आजोबा उभे होते. दुसरीकडे बघत, पण उभे.

"ताई, तुम्ही आत का बसलात?"

"मला बरं नाही. इकडे ये, जवळ ये. नवे सर पाण्याखाली राहायला लावतात?"

"हो. मीच जिंकते."

"ऐक. घुसमटलं की वर यायचं. शिट्टी वाजो न वाजो."

बेडकीने भुवया आक्रसल्या. "पण मग मी हरेन."

"हरायचं."

"तुम्हीच म्हणाला होतात..."

"मी चुकीचं सांगितलं होतं."

पोरीने आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी खिडकीकडे न बघता मान हलवली. ती दोघं आत गेली.

खिडकीतून तलाव दिसत नव्हता. नुसता आवाज यायचा, भिंतीपलीकडून, सगळ्या पोरांचा एकत्र. मग तो एकदम थांबला.

"अहो ताई, दोन मोठी, एक लहान," समोरचा माणूस म्हणाला.

तिने बोट वर करून त्याला थांबवलं. त्याने वैतागून मागच्या रांगेकडे पाहिलं. भिंतीपलीकडे पाणी फुटल्याचा आवाज झाला, आणि एका बारीक, खरखरीत आवाजाने तक्रार केली, "सर, मी हरले!"

शिट्टी अजून वाजायची होती.

ताईने दोन मोठी, एक लहान फाडली आणि भोकातून पुढे सरकवली.